वाड्यावरची तावेर्न राहू दे म्हणायला मत कुठे द्यायचं?

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच माणसं बोलतात, एक महसूलवाला आणि एक बंदीवाला. पहिला सांगतो सरकारच्या तिजोरीत किती कोटी येतात, दुसरा सांगतो किती संसार बुडाले, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. पण पिणारा माणूस कुठे बसून पितो, कुणाच्या शेजारी बसतो, त्याला पुरे म्हणणारं तिथे कोणी आहे का, हे कोणी विचारतच नाही. माझ्या मते निम्मा प्रश्न तिथेच आहे. म्हणून आज गोव्यातल्या वाड्यावाड्यावरच्या छोट्या तावेर्नींची बाजू घेऊन लिहितेय. गावातला लहान, ओळखीचा, बसून प्यायचा बार ही लोकांच्या कामाची जागा आहे. मोठी दारूदुकानं आणि नाइटक्लब ज्या मापाने मोजतात त्याच मापाने तिला मोजल्यामुळे ती बंद पडत चाललीय, आणि ती राहावी की जावी हे सांगायचा हक्क त्या वाड्याला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी मूळची कुडाळकडची. नोकरीसाठी गोव्यात बार्देशात आले आणि इथलीच झाले, मतदार यादीतपण आता इथेच नाव आहे. फार्मासिस्ट आहे, म्हणजे दारूने लिव्हर गेलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या माझ्या हातातून रोज जातात, त्यामुळे दारूचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

ज्यांनी गोवा म्हणजे कळंगुट-बागा एवढाच बघितलाय त्यांना तावेर्न माहीत असेलच असं नाही. जुन्या कौलारू घराची रस्त्याकडची खोली असते, दार सताड उघडं. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या भागात पोसरो, म्हणजे किराणा, साबण, काडेपेटी, फिनेल, अंडी, संध्याकाळचे पाव, आणि उरलेल्या अर्ध्यात दोन-तीन बाकं आणि टेबलं. मागे काचेचं कपाट, खाली फेणीचा गराफांव, म्हणजे काचेचा मोठा बुधला, वर सान आंतोनीची तसबीर आणि तिच्यापुढे लाल बल्ब. हिंदूंची असेल तर तिथे देवीचा फोटो आणि हार, बाकी सगळं तेच. भिंतीवर तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची जाहिरात, फुटबॉल टुर्नामेंटचा कागद, कुणाच्या तरी महिन्याच्या मिसाची (चर्चमधल्या प्रार्थनेची) चिठ्ठी, ग्रामसभेची नोटीस. खायला चणे, उकडलेली अंडी, कधी तळलेले बांगडे, आणि सीझनला मिठाच्या पाण्यातली चेपणीची तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, नाहीतर बिंबलाच्या फोडी. दुपारी एकला दार बंद, चारनंतर परत उघडणार, आणि रात्री नऊ-साडेनऊला तावेर्न चालवणारी आंटी खुर्च्या उचलायला लागली की सगळ्यांनी उठायचं, वाद नाही.

मी पहिल्यांदा आत बसले ते पावसामुळे. तोपर्यंत अंडी आणि पाव घ्यायला पोसऱ्याच्या बाजूने जायचे, पलीकडे पुरुष बसलेले असायचे, तिकडे बघायचं नाही ही कुडाळहून घेऊन आलेली सवय. जुलैमधला पाऊस, लाइट गेलेली, छत्री उलटी झालेली, तर आंटीने बाक पुढे ओढलं आणि म्हणाली, "बस गो बाय, पावस थांबसर." मेणबत्ती लावली. चार माणसं होती, त्यातल्या एकाने जागा करून दिली, दुसऱ्याने विचारलं तुमी खंयचे, मी म्हटलं कुडाळ, तर त्याची आजी निघाली माणगावची, आणि मग पाऊस थांबेपर्यंत कोणत्या साली कोणता पूल वाहून गेला, पूर्वी एसटी किती वाजता सुटायची, एवढंच बोलणं. मी सोडा प्यायले. कोणी आग्रह केला नाही, कोणी रोखून बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात घरमालकाची पाइप फुटली तेव्हा प्लंबर कोण हे मला त्याच बाकावरून कळलं, आणि इथली बस रविवारी येत नाही हेसुद्धा तिथेच.

आपलेपणा म्हणतात तो असा कामातून येतो. कोणी स्वागताचा बोर्ड लावलेला नसतो, ठरलेली गोड वाक्यं बोलणारा वेटर नसतो. तुम्ही दोन-चारदा दिसलात की तुमचं नाव माहीत होतं, दहा-बारा दिवस दिसला नाहीत की कोणीतरी विचारतं खंय आशिल्लो. आमच्या तावेर्नीत एकाच बाकावर निवृत्त मुख्याध्यापक, गवंडी, पंचायतीतला क्लार्क आणि बोटीवरून सुट्टीवर आलेला खलाशी बसलेले मी बघितलेत. आता मला सांगा, आपल्या गावात अशी दुसरी जागा कुठली राहिलीय? देवळात आपापली माणसं, चर्चमध्ये आपापली, क्लबात पैसेवाले, आणि बाकी सगळे आपापल्या घरी मोबाइल घेऊन. एकट्या म्हाताऱ्या माणसाला रोज अर्धा तास दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकायला मिळतो अशी जागा वाड्यावर एकच उरलीय आणि ती तावेर्न आहे, हे ऐकायला कितीही गैरसोयीचं वाटलं तरी खरं आहे.

आणि ती नजर. आमच्याकडे एक पायलट येतो, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. आला की पहिली गोष्ट, बाइकची चावी काउंटरवर ठेवतो, आंटी ती ड्रॉवरमध्ये टाकते. दोन पेगवर गेला की चावी परत नाही. एकदा माझ्यासमोर तो चिडला होता, म्हापशाचं भाडं मिळालंय म्हणत होता, आवाज चढला, हात टेबलावर आपटला. आंटी कपाट पुसत होती ती पुसतच राहिली आणि न वळताच म्हणाली, "पुरो आतां, घरा वच. चावी फाल्यां." बाकावरचे दोघं उठले, एकाने त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि घरी सोडलं. सकाळी सातला तो चावी न्यायला आला तेव्हा मी पाव घेत होते, त्याने खाली मान घालून चावी घेतली, आंटीने त्याला चहा दिला आणि कालचा विषय काढला नाही. मला सांगा ही गोष्ट कुठल्या वाइनशॉपमध्ये होते? तिथे जाळीच्या आतून बाटली येते, पैसे आत जातात, बाहेर पडलेला माणूस ती बाटली बाइकवर पितो की पुलाखाली पितो की पोरांसमोर पितो, दुकानाला देणंघेणं नाही.

तावेर्नीमागे एक अख्खं छोटं अर्थकारण आहे, तेही सांगायला पाहिजे. काजू आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझिलहून आणला, पण त्या बोंडूची फेणी करायचं शिक्षण गोव्याच्या डोंगरातलं आहे. मार्च ते मे भट्ट्या चालतात. झाडावरून पडलेली पिकली बोंडं गोळा करायची, कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत मळायची, रस आंबवायचा आणि भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात चढवायचा. पहिल्या धारेला जे येतं ते हुर्राक, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास, मऊ, वासाला जंगलासारखं, आणि ते टिकत नाही, त्याच मोसमात संपवायचं. दुसऱ्यांदा काढली की फेणी, ४० टक्क्यांच्या वर. २००९ मध्ये काजू फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला हेरिटेज स्पिरिट जाहीर केलं, छान झालं, बाटल्यांवर सुंदर लेबलं आली, विमानतळावर मिळायला लागली. पण हुर्राक विमानतळावर नेऊन ठेवता येत नाही. सत्तरीतल्या नाहीतर पेडण्यातल्या लहान भट्टीवाल्याने आज काढलेलं हुर्राक चार दिवसांत कोण विकणार? तावेर्न विकणार. एप्रिलमध्ये पुठ्ठ्यावर खडूने 'हुर्राक मेळटा' लिहून दाराला टांगलं की आजूबाजूची माणसं येतात, लिमका, मीठ, लिंबू आणि मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची घालून पितात (मीपण पिते, वर्षातून तेवढाच मोसम), आणि भट्टीवाल्याच्या हातात रोख पैसे पडतात. वारसा म्हणून बाटलीला मान द्यायचा आणि जिथे ती पिढ्यान् पिढ्या विकली गेली त्या खोलीला वाऱ्यावर सोडायचं, हे मला पटत नाही. आणि आमच्या सिंधुदुर्गात तर बघवत नाही, तोच काजू, तीच बोंडं, पण बी काढून घेतली की ढीग बागेत कुजतात, वास सुटतो, गुरं तोंड घालतात, बस.

महाराष्ट्रात असं का झालं नाही याला कारण आहे. तिथला कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा, आणि पुढे बंदी सैल झाली तरी कायद्याचा पाया बंदीचाच राहिला. प्यायला परवाना लागतो, बियर-वाइन सोडून बाकीची दारू प्यायला २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि बारला अजून लोक परमिट रूमच म्हणतात. जी गोष्ट मुळात गुन्हा आणि वरून सवलत म्हणून चालते तिची जागा अंधारीच असणार. काळ्या काचा, लाल बल्ब, आत गेलेला माणूस बाहेरून दिसू नये म्हणून आडवी लावलेली प्लायवूडची भिंत, कोपऱ्यातली टेबलं, आणि बाहेर पडताना इकडेतिकडे बघून पडायचं. मुंबईत कडक बंदीच्या काळात वस्तीवस्तीत आंट्यांचे अड्डे चालायचे, घराच्या आतल्या खोलीत, ते कायद्याने गुन्हेगार ठरले होते पण त्यात ओळख होती, उधारी होती, बाईचा धाक होता. बंदी सैल झाल्यावर अड्डे संपले आणि त्यांच्या जागी आली ती काळी काच. ओळखीची खोली ते काळी काच हा प्रवास आपण प्रगती समजलो. तालुक्याच्या गावी तरुण पोरं आज कुठे बसतात? गच्चीवर, धरणाच्या भिंतीवर, उभ्या गाडीत, शाळेच्या मागे. वडीलधारं माणूस नाही, खायला धड काही नाही, कधी थांबायचं ते सांगणारं कोणी नाही, आणि परत येताना गाडी चालवायचीय.

आता विरोधातलं, आणि ते हलकं नाही. दारूने घरं उद्ध्वस्त होतात, बायका मार खातात, पगार शनिवारी संपतो, हे सगळं ज्या बायकांनी भोगलं त्यांनीच दारूबंदीची आंदोलनं उभी केली आणि मी त्यांच्यापुढे तावेर्नीचे गोडवे गाऊ शकत नाही, गाणारही नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या मोठ्या चळवळीतून आली, तिथल्या बायकांना ती हवी होती. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये अवैध विक्री वाढल्याचं कारण देऊन सरकारने उठवली, त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. मी बंदीच्या बाजूने किंवा विरोधात इथे वकिली करत नाहीये. जिथे बंदी नाही, जिथे दारू मिळणारच आहे, तिथे ती कशी मिळावी एवढाच माझा मुद्दा आहे. आणि तिथे मला हे दिसतं की नवऱ्याला शोधायला निघालेली बायको तावेर्नीत येऊन त्याला उठवून नेऊ शकते, आंटीला सांगू शकते की ह्याला उधार देऊ नको, आणि आंटीला ते ऐकावं लागतं कारण रविवारी दोघी एकाच चर्चमध्ये किंवा एकाच बाजारात भेटणार असतात. काळ्या काचेच्या आत ती बायको पाऊल टाकू शकत नाही. वाइनशॉपच्या जाळीसमोर ती कुणाशी बोलणार?

सगळ्याच आंट्या अशा असतात असं नाही. पैशासाठी भल्या पहाटे थरथरत्या हाताच्या माणसाला ग्लास देणाऱ्यापण आहेत, मला माहीत आहेत. म्हणूनच मला वाटतं तावेर्नीला नुसतं वाचवायचं नाही, तिच्याकडून कामपण करून घ्यायचं. गोव्यातच संगत ही संस्था आहे, १९९६ पासूनची. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाची एक पद्धत तयार केली, आणि ते समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, उपयोग होतो असं दिसलं, आणि हे काम आपल्या इथल्या आरोग्य केंद्रांत झालंय. आता जिथे थोडं प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस पिणाऱ्याशी बोलून त्याला मागे ओढू शकतो, तिथे रोज त्याच माणसाला समोर बघणाऱ्या तावेर्नवाल्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्यायला काय हरकत आहे? कुणाचे हात थरथरतात, कोण सकाळी यायला लागला, कोण जेवत नाही, हे डॉक्टरच्या आधी तिला दिसतं. माझ्याकडे औषध न्यायला माणूस येतो तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

बायकांबद्दलपण बोलते, कारण मी बाई म्हणून तिथे बसते आणि मला विचारलं जातं. तावेर्न काउंटरच्या मागे बाईची असली तरी काउंटरच्या पुढे पिढ्यान् पिढ्या पुरुषांचीच होती, हे खरं आहे आणि चांगलं नाहीये. अजूनही कितीतरी ठिकाणी मी आत गेले तर बोलणं थांबेल. पण बदल होतोय तो उघड्या दाराच्या जागीच होतोय. आमच्याकडे हुर्राकच्या मोसमात दोन शिक्षिका येतात, कॉलेजातल्या मुली आईबरोबर येऊन बसतात, एक आजी रोज संध्याकाळी एक छोटा ग्लास घेते आणि तिला कोणी काही म्हणत नाही कारण ती सगळ्यांची आजी आहे. रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं, म्हणून आत बसायला भीती वाटत नाही.

मग ह्या बंद का पडतायत? एक कारण घरातलं. मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला नाहीतर बोटीवर, आंटीनंतर बाकं उचलणार कोण. दुसरं जमिनीचं. रस्त्याकडची खोली म्हणजे आज सोनं, दिल्ली-मुंबईचा माणूस येतो, घर घेतो, आणि त्याच खोलीत जुनीच बाकं पॉलिश करून ठेवतो, नावपण तावेर्नच ठेवतो, आणि मग फेणीच्या एका कॉकटेलला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात गवंड्याचं दिवसाचं घर चालतं. गवंडी तिथे पाय ठेवत नाही. पर्यटकांवर माझा राग नाही, पणजीच्या जुन्या वस्तीतल्या जोसेफ बारसारख्या जागी गावकरी आणि बाहेरचे खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि छान चालतं. गावकऱ्यालाच परवडेनासं झालं की मग ती जागा गावाची राहत नाही, एवढंच.

तिसरं कारण सरकार-कोर्टाचं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं कारण ते टाळता आलं असतं. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, १ एप्रिल २०१७ पासून. हेतू चांगला, हायवेवरचे मृत्यू. त्या १ एप्रिलच्या आदल्या दिवशी कोर्टाने २० हजारांपर्यंत लोकवस्तीच्या जागांसाठी अंतर २२० मीटर केलं. पण गोव्याचं गाव बघा, हायवे गावातूनच जातो, आणि कितीतरी तावेर्नी आधी आहेत आणि हायवे नंतर आलाय. जिथे चालत येऊन चालत घरी जाणारी माणसं बसतात आणि जिथे ट्रकवाला गाडी उभी करून क्वार्टर मारतो, दोन्हीला एकच पट्टी लावली. पुढे शहरी हद्दीला सूट मिळाली, २०१८ मध्ये पंचायत भागाचं राज्यांनी बघावं असं झालं, पण तोवर ज्यांचं दार काही महिने बंद राहिलं त्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी ते परत उघडलंच नाही. मोठ्या दुकानदाराने तेवढ्या काळात वकील केला, दुकान हलवलं. आंटीला खोली हलवता येत नाही, ती तिच्या घराचीच खोली आहे.

उलट खरा त्रास कशाचा, तर उघड्यावर पिण्याचा, समुद्रावर फुटलेल्या बाटल्यांचा, त्यासाठी २०१९ मध्ये गोव्याला कायदा दुरुस्त करून २ हजारांचा दंड ठेवावा लागला. ह्या बाटल्या तावेर्नीतून गेलेल्या नाहीत. पार्सल विकणाऱ्या दुकानांतून गेल्यात.

इंग्लंडमध्ये ह्याच प्रश्नावर लोकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे, तिकडेपण गल्लीतले पब जमिनीच्या भावापायी फ्लॅट व्हायला लागले होते. २०११ च्या तिथल्या एका कायद्याने लोकांना असा हक्क दिला की एखादी जागा आमच्या वस्तीच्या उपयोगाची आहे म्हणून तिची नोंद करा. नोंद झाली की मालक ती विकायला काढेल तेव्हा लोकांना तयारीला ६ महिने मिळतात, पैसे जमवायला आणि बोली लावायला. दक्षिण लंडनमधल्या नन्हेडचा आयव्ही हाउस पब असाच वस्तीतल्या लोकांनी शेअर काढून २०१३ मध्ये विकत घेतला. २०१७ पासून तर इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला प्लॅनिंगची परवानगी लागते. हे सगळं पिण्याच्या हौसेपायी झालेलं नाही. वस्तीत चार माणसं एकत्र बसायची जागा एकदा गेली की परत उभी राहत नाही, हे त्यांना उशिराने का होईना कळलं.

आपल्याकडे तर ह्यातलं अर्धं काम कायद्याने आधीच केलंय. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे मतपत्रिकेवरच्या 'बंद करा'च्या चिन्हाला मत दिलं की दुकान बंद होतं. म्हणजे दारूची जागा गावात असावी की नसावी ह्यात गावाला मत आहे हे सरकारने मान्य केलेलं आहे. मग ते मत एकाच बाजूने का? नको म्हणायला मतपेटी आहे आणि ही राहू दे, हिला त्रास देऊ नका, म्हणायला काहीच नाही. उभ्या बाटलीला मत पडलं तरी होतं काय, तर दुकान आहे तसं चालू राहतं, मग ते कोणतंही असो, जाळीचं वाइनशॉप असो की देशी दारूचं दुकान. कशा प्रकारची जागा हवी हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं, विचारा. ज्या बायकांना आडव्या बाटलीचा हक्क दिलाय त्यांनाच विचारा, बघा त्या जाळीच्या दुकानाला काय म्हणतात आणि उघड्या दाराच्या खोलीला काय म्हणतात. त्यांनी दोन्ही नको म्हटलं तर दोन्ही बंद करा, माझी तक्रार नाही.

गोव्यात आम्हाला हवंय ते असं, आणि हे मी एकटी बोलत नाहीये, आमच्या वाड्यावर ह्यावर खूप बोलणं झालंय. तावेर्नीचा परवाना वेगळा असावा, फी कमी, अटी जास्त. चालवणारं माणूस त्याच गावात राहणारं हवं. बसून प्यायचं, बाटली पार्सल नाही. दार आणि खिडकी रस्त्यावरून उघडी दिसली पाहिजे. खायला स्वस्तातलं काहीतरी ठेवायलाच हवं. लहान भट्टीवाल्याकडून थेट हुर्राक-फेणी घ्यायला कागदपत्रं सोपी करा. आणि हा परवाना दुसऱ्याला विकता येणार नाही, म्हणजे मालक थकला तर पंचायतीमार्फत गावातल्याच कुणाकडे जाईल, बाहेरच्या हॉटेलवाल्याकडे नाही. ह्यातल्या शेवटच्या अटीवर आमची आंटीच चिडली होती. म्हणाली, माझ्या म्हातारपणाला तेवढीच एक किंमत आहे ती पण काढून घेता? तिचं बरोबर होतं. म्हणून मग असं लिहिलंय की तिला विकायचं असेल तर विकू दे, पण आधी गावाला विचारायचं, ६ महिने वाट बघायची, आणि त्या काळातली परवान्याच्या नूतनीकरणाची फी पंचायतीने भरायची.

ठरावाचा मसुदा मराठीत मी लिहिला, कोंकणीत मुख्याध्यापकांनी. येत्या ग्रामसभेत मांडायचाय. वाड्यावरच्या बायकांची एक बैठक आधी घेतली, तिथे रात्री बंद करायच्या वेळेवर अडलं, पुरुष मंडळी दहा म्हणत होती आणि बायका साडेआठ. मसुद्यात सध्या नऊ आहे, आणि बायकांनी सांगितलंय की नऊच्या पुढे एक मिनिट गेलं तर त्या ग्रामसभेत विरोधात हात वर करतील.